लिंकनचा सातबारा

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांचा फोन आला, वारस नोंदीसाठी वंशावळ जोडायचीय, तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे तर नीट टाईप करून पाठव. म्हटलं त्यात काय एवढं, दहा मिनिटांचं काम. आजोबा, आजोबांचे तीन भाऊ, त्यांची मुलं, मग वर पणजोबा, आणि पणजोबांच्या वर… कर्सर नुसता लुकलुकत राहिला. पणजोबांचे वडील कोण? बाबांना विचारलं तर म्हणाले, ते घाटाखालून आले होते म्हणतात. 'म्हणतात'! त्यात एका कागदावर आमचं आडनाव एक आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेलं दुसरंच, आणि कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं की ही दोन वेगळी माणसं आहेत, एकच आहेत हे सिद्ध करा. आता पणजोबांना कुठून आणू सांगायला की बाबा रे, मीच तो.

मी राहतो केंटकीत, लुईव्हिलला, अकरा वर्षं झाली. इथून तासाभराच्या ड्राइव्हवर हॉजनव्हिल म्हणून गाव आहे, अब्राहम लिंकनचं जन्मस्थळ. भारतातून कोणीही आलं की त्याला तिथं न्यायचं हे आमच्या घरी ठरलेलंच, त्यामुळे किमान आठ वेळा तरी गेलो असेन. ग्रीक देवळासारखी दगडी इमारत, वर जायला ५६ पायऱ्या कारण लिंकन ५६ वर्षं जगला, आणि आत त्या थाटामाटाच्या मधोमध एक लाकडी खोपटं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. नंतर कळलं की खोपटं ते नव्हेच! ओंडक्यांच्या वलयांवरून वय काढलं तेव्हा सगळ्यात जुना ओंडका १८४८ चा निघाला, आणि लिंकन जन्मला १२ फेब्रुवारी १८०९ ला. शिवाय मधल्या काळात ते ओंडके जत्रेतल्या पाळण्यासारखे गावोगाव प्रदर्शनात फिरवले होते, आणि इमारतीत बसेना म्हणून खोपटं कापून लहान केलं. आता पार्कवालेच प्रामाणिकपणे 'प्रतीकात्मक' म्हणतात. मला तर तिथला झरा जास्त खरा वाटतो, खडकाच्या खाली उतरत गेलेला, अजून वाहतोय, गारेगार.

पण मला सांगायचंय ते झाडाबद्दल. त्या शेतावर एक पांढरा ओक होता, त्याला 'बाउंड्री ओक' म्हणायचे. लिंकनच्या जन्माच्या आधी, १८०५ च्या मोजणीत, या जमिनीची हद्द सुरू होते ती या ओकपासून. तो १९७६ ला वाळला. यावेळी पाहुण्यांना पायऱ्या चढायला पाठवून मी खाली तो बोर्ड वाचत उभा राहिलो आणि डोक्यात एकदम बाबांचं खरेदीखत आलं. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. अरे ही तर चतुःसीमा!

तर सांगायचं म्हणजे मी बाबांची वंशावळ बाजूला ठेवून दोनेक महिने लिंकनची काढत बसलो. बायको म्हणाली, स्वतःच्या आज्याचं नाव माहीत नाही आणि परक्याचा पणजा शोधतोय. बरोबर होतं तिचं. पण एक होतं ना, या घराण्याची कागदपत्रं अक्षरशः पिढ्यानपिढ्या लोकांनी चाळलीत, त्यामुळे साध्या शेतकरी कुटुंबाचा माग काढतात कसा हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. आणि यातली गंमत ही की खुद्द लिंकनलाच तो माग लागला नव्हता.

१८४८ मध्ये लिंकन खासदार होता, वय ३९. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावचा सॉलोमन लिंकन म्हणून एक गृहस्थ आपल्या गावाचा इतिहास लिहिणारा, त्यानं याला पत्र लिहून घराण्याची चौकशी केली. लिंकनचं उत्तर मी तीन-चारदा वाचलं. वडिलांचं नाव थॉमस, आजोबांचं अब्राहम, आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून १७८२ च्या सुमारास केंटकीला आले, दोन वर्षांनी इंडियनांनी त्यांना मारलं. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले अशी एक अंधुक आठवण घरात आहे, ते क्वेकर होते म्हणे, आणि त्याच्या मागचं मी कधीच काही ऐकलेलं नाही. मग त्यालाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आजोबांच्या चार भावांची नावं, तीही 'ऐकल्यासारखी वाटतात' म्हणून. म्हणजे हे आमच्या बाबांचंच पत्र! घाटाखालून आले म्हणतात.

त्यातही चूक आहेच. आजोबा गेले १७८४ ला नाही, १७८६ ला, मे महिन्यात, शेतात पेरणी चालू असताना. तीन पोरं बरोबर होती. गोळी झाडीतून आली. थोरला मॉर्डेकाय घराकडे पळाला बंदूक आणायला, मधला जोसाया मदत आणायला गढीकडे, आणि धाकटा थॉमस, जेमतेम आठ वर्षांचा, बापाच्या मढ्याशेजारी तसाच. एक इंडियन त्याच्याकडे यायला लागला तेव्हा मॉर्डेकायनं घराच्या फटीतून नेम धरून त्याला पाडलं. तो थॉमस म्हणजे लिंकनचा बाप. ही गोष्ट लिंकननं लहानपणापासून ऐकलेली, मनावर कोरलेली, पण साल मात्र दोन वर्षांनी चुकलं. घरोघरी असंच असतं, प्रसंग पक्का, साल कच्चं.

ही घटना घडली ती जागा माझ्या घरापासून गाडीनं पंचवीस मिनिटांवर आहे, लाँग रन नावाच्या ओढ्याकाठी. आता आजूबाजूला सबडिव्हिजनी झाल्यात, एकसारखी घरं, एकसारखे मेलबॉक्स. मी रोज त्याच हायवेनं ऑफिसला जायचो आणि पत्ताच नव्हता.

आता नावाचा घोळ बघा. आजोबा अब्राहमनं १७८० मध्ये केंटकीतली ४०० एकर जमीन घ्यायचा हक्क विकत घेतला, त्या कागदावर नाव आहे 'लिंकहॉर्न'. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. हे वाचून मी इतका खूश झालो की बाबांना लगेच व्हॉट्सअॅप केलं, बघा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या आज्याचंही नाव चुकलंय. बाबांनी विचारलं, मग त्यांनी दुरुस्तीसाठी कुठं अर्ज केला?

असो. केंटकीच्या जमिनीचा मामला समजल्याशिवाय हे घराणं समजत नाही, म्हणून जरा थांबतो इथं. तेव्हा केंटकी व्हर्जिनियाचाच भाग होता. सरकारनं आधी मोजणी केलीच नाही, नुसते हक्क विकले, की एवढे एकर घ्या, कुठले ते तुम्हीच जाऊन शोधा आणि मोजून या. (आणि ती जमीन मुळात शॉनी आणि चेरोकी लोकांच्या शिकारीची, त्यांना कोण विचारतो. थॉमसच्या बापाला गोळी का लागली याचं उत्तरही त्याच कागदात आहे, पण घरात गोष्ट सांगताना तेवढं गळतं.) मग प्रत्येकानं झाड, दगड, ओढ्याचं वळण धरून आपापली जमीन आखली. अमक्या ओकपासून इतके पोल पूर्वेला, दोन हिकरीच्या झाडांपर्यंत, तिथून खडकाकडे. पोल म्हणजे साडेसोळा फूट, आणि चार पोलांची एक साखळी, ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे बरोब्बर अर्ध्या साखळीचा चौरस. साहेबानं तीच साखळी दोन्हीकडे टाकली, एवढंच आपलं आणि केंटकीचं नातं!

झालं काय, की एकाच जमिनीवर तीन-तीन जणांचे दावे, कौलांवर कौल चढावं तसे. त्यात झाड पडलं, कोणी तोडलं, ओढ्यानं वाट बदलली की बसा कोर्टात. बांध कोरणं परवडलं, तिथं निदान बांध तरी असतो.

थॉमसची अवस्था तर आणखी वाईट. बाप मेला मे १७८६ मध्ये, तेव्हा व्हर्जिनियात कायदा असा की मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला. तो कायदा बदलला आणि नवा लागू झाला १ जानेवारी १७८७ पासून. सात-आठ महिन्यांचा फरक! म्हणजे बाप पुढच्या वर्षी मेला असता तर धाकट्यालाही वाटणी मिळाली असती. थोरला मॉर्डेकाय जमीनदार झाला आणि थॉमस लोकांच्या शेतावर मजुरी करत, सुतारकाम शिकत मोठा झाला. भाऊबंदकी म्हणायचं तर भांडणाचा पुरावा नाही, पण दोन भावांच्या दोन तऱ्हा झाल्या त्या एका तारखेमुळे.

तरी थॉमसनं कष्टानं १८०३ मध्ये मिल क्रीकवर २३८ एकर घेतली, ११८ पाउंडांना. काही वर्षांनी विकायला गेला तर मोजणीत चूक, विकता आली २०० एकर, मिळाले १०० पाउंड. मग जिथं अब्राहम जन्मला ते झऱ्याचं शेत, १८०८ मध्ये २०० डॉलर रोख मोजून. त्याच्यावर आधीच्या व्यवहाराचं देणं निघालं, कोर्टकचेरी, जमीनही गेली पैसेही गेले. मग नॉब क्रीक. तिथं लांब कुठल्या तरी बड्या जमीनदाराच्या वारसांनी दावा ठोकला की ही आमची, हटा. तीन शेतं, तिन्हीच्या कागदात भानगड. शेवटी १८१६ च्या डिसेंबरात बिऱ्हाड उचललं आणि ओहायो नदी ओलांडून इंडियानात. तिकडे सरकारनं आधी चौकोन आखून मोजणी केली होती आणि मग विकली, नंबर टाकून, आपल्या गट नंबरसारखं. लिंकननं पुढे स्वतःच लिहिलंय की केंटकी सोडायचं थोडं कारण गुलामगिरी, पण मुख्य कारण जमिनीच्या कागदांची कटकट.

आता माझ्या डोक्यात जे बसलंय ते असं. थॉमसला लिहिता येत नव्हतं, कशीबशी सही करायचा. त्यानं एक ओळ मागे ठेवलेली नाही. पण त्याची माहिती आज मिळते किती! का तर जमीन गेली. ज्याची जमीन निवांत राहिली त्याचा कागद एकदा होतो आणि पेटीत पडतो. ज्याची जाते त्याचे समन्स निघतात, साक्षी होतात, कोणाच्या आधी कोण राहत होतं, बाप कोण, भाऊ किती, सगळं कारकून लिहून घेतो. शेतकऱ्याची वंशावळ जन्मांवरून लागत नाही, ती नुकसानीवरून लागते असं मला तरी वाटायला लागलंय. चुकत असेन.

वरच्या पिढ्याही तशाच सापडल्या. लिंकननं १८४८ मध्येच व्हर्जिनियाच्या डेव्हिड लिंकन नावाच्या माणसाला पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं आणि जुळलं की डेव्हिडचा चुलता अब्राहम आणि याचा आजा एकच. मग लिंकन परत लिहितो आणि विचारतो की तुमच्या घराण्याचं, 'किंवा आता आपल्या घराण्याचं म्हणायला हरकत नाही', आजोबांच्या मागचं काही ठाऊक आहे का. आपल्या घराण्याचं! फेसबुकवर लांबचा चुलतभाऊ सापडल्यावर आपण करतो तेच. पण याच्या पुढे गाडी गेली नाही. १८५९ मध्ये आत्मवृत्त लिहून दिलं त्यात म्हणतो, न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला पण हाती लागलं ते एवढंच की दोन्हीकडे नावं सारखी, ईनॉक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम.

आणि तेच तर सूत्र होतं! आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत तशीच यांची. नंतरच्या संशोधकांनी मॉर्डेकायचं बोट धरून मागे जाता येतं हे दाखवलं. आजोबा अब्राहमचा बाप जॉन. त्याचा बाप मॉर्डेकाय पेनसिल्व्हेनियात १७३६ मध्ये वारला, त्यानं १७३३ मध्ये बांधलेलं दगडी घर बर्क्स काउंटीत अजून उभं आहे. त्यानं मृत्युपत्रात न्यू जर्सीतली जमीन थोरल्या जॉनला दिली, त्या जमिनीच्या कागदानं दोन राज्यं जोडली. त्याचा बाप पुन्हा मॉर्डेकाय, आणि त्याचा बाप सॅम्युअल, इंग्लंडमधल्या नॉरफकचा विणकराचा शिकाऊ पोरगा, १६३७ मध्ये जहाजानं आला आणि हिंगमला राहिला. म्हणजे सॉलोमननं चौकशी केली ती बरोबर दारावर केली होती, फक्त मधल्या दोन पायऱ्या दिसत नव्हत्या. त्या हिंगममध्ये तेव्हा चार थॉमस लिंकन होते बरं का, त्यांना ओळखायचे कसे तर पिंपवाला, गिरणीवाला, विणकर आणि शेतकरी. आमच्या गावात एका नावाचे पाच जण आहेत, त्यातल्या एकाला सगळे 'डिझेल' म्हणतात, का ते कोणालाच आठवत नाही. दोनशे वर्षांनी त्यावर कोणीतरी निबंध लिहील.

पुरुषांचं एवढं सापडतं. बायकांकडे वळलात की सगळा अंधार. अमेरिकेच्या जनगणनेत १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकी घर म्हणजे वयाच्या रकान्यात आकडे. लिंकनची आई नॅन्सी हँक्स १८१८ मध्ये गेली, म्हणजे जनगणनेत तिचं नाव कधी आलंच नाही, ती एक आकडा होती. गाईनं विषारी रानझाड खाल्लं, त्या दुधानं गेली, तेव्हा अब्राहम नऊ वर्षांचा. (गुलाम म्हणून राबणाऱ्यांचं तर १८५० आणि १८६० लाही नाव नाही, मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग. व्हर्जिनियाच्या लिंकनांकडेही गुलाम होते. त्या गुलामांच्या पतवंडांनी वंशावळ काढायला घेतली की १८७० च्या, म्हणजे त्यांची नावं लिहिलेल्या पहिल्या जनगणनेच्या, भिंतीवर डोकं आपटतं.)

नॅन्सीच्या लग्नाचाच पुरावा कित्येक वर्षं मिळत नव्हता. मग काय, विरोधकांना आयतंच, लिंकन अनौरस आहे म्हणून कुजबुज. लोक शोधत होते हार्डिन काउंटीच्या कोर्टात, कारण नवरा-बायको तिथं राहायचे. लग्न झालेलं शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, १२ जून १८०६ ला, आणि कागद तिथल्या कचेरीत निवांत पडून होता. सापडला १८७८ मध्ये. लिंकन जाऊन तेरा वर्षं झाली होती. माझा तर जीव कळवळला हो. डेव्हिडला लिहिलेल्या त्याच पत्रात तो म्हणतो की आजोबांचं कुटुंब वॉशिंग्टन काउंटीत राहायचं, म्हणजे जागा त्याला माहीत होती!

आणि नॅन्सीचा बाप कोण ते अजूनही पक्कं नाही. आई ल्यूसी हँक्स की दुसरी कोणी यावरच शंभर वर्षं वाद. लिंकननं आपल्या वकिलीतल्या भागीदाराला सांगितलं होतं की आई ही ल्यूसीची लग्नाबाहेरची मुलगी. पुष्कळांना ते पटवून घ्यायचं नव्हतं. अलीकडे डीएनए लावला. आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे जातो तो प्रकार. लिंकनची एकुलती बहीण सारा बाळंतपणात गेली, म्हणजे तिकडून काही नाही, मग ल्यूसीच्या दुसऱ्या मुलींच्या लेकींच्या लेकी शोधून, हँक्सकडच्या इतर बायकांच्या वंशाशी ताडून पाहिलं, आणि कौल ल्यूसीच्या बाजूनं आला. लिंकन खरंच सांगत होता. त्याचा स्वतःचा वंश मात्र संपला, शेवटचा पणतू १९८५ मध्ये वारला.

हे वाचत बसलो होतो आणि माझ्या वंशावळीकडे पाहिलं तर काय, एकाही बाईचं नाव नाही. मीच टाईप केली होती. अर्जात तसा रकाना नव्हता हे खरं, पण मलाही सुचलं नव्हतं. पणजीचं नाव काय? बाबांना माहीत नाही. आजीचं माहेरचं नाव? त्यावर बाबा जरा थांबले आणि म्हणाले, आक्काला विचार.

आत्या आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, व्हिडिओ कॉलवर तिचं कपाळ तेवढं दिसतं. मी ओरडून विचारलं, आत्या, आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं? ती म्हणाली, लग्नात बदललं की. हो, पण आधीचं? बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, ते आता कोण रे सांगणार, तिला माहेरी बाय म्हणायचे. पण लग्नाला सात बैलगाड्या आल्या होत्या आणि आजीच्या वडिलांनी विहिरीमागचं रान गहाण टाकलं होतं एवढं तिनं स्वतः सांगितलेलं मला आठवतंय, परत काही सुटलं नाही ते, जन्मभर हळहळायची.

मी विचारलं, गहाणखत झालं असेल ना गं?

झालं असेल की, म्हणाली, सावकार काय तोंडी देतोय होय. त्यात पोरीच्या लग्नापायी म्हणून लिहिलं असेल बघ.

बाबांना तसंच कळवलंय, आजीच्या माहेरच्या तालुक्याला जाऊन जुने दस्त बघा म्हणून. ते म्हणाले, पाऊस उघडू दे.